मेव्हण्याला दिलेला आउट

हॉलबर्ग, मिनेसोटा
१२ मे १९७५

प्रिय दाजी,

तुमचं अभिनंदन. हे माझ्या एकट्याकडून आहे. गाव अजून विचार करतंय.

शनिवारी सकाळी दुकान उघडलं तेव्हा खुर्चीत पहिला वेंडेल होक होता. मैदान समितीचा अध्यक्ष झाल्यापासून तो दाढी करतानाही पेपर खाली ठेवत नाही. मी साबण फासला, वस्तरा उचलला, आणि तो मोठ्यानं वाचायला लागला, की राज्याच्या हौशी बेसबॉल मंडळानं यंदाच्या मानकऱ्यांत अंपायर ऑर्विल टोर्सन यांची निवड केली आहे. मग म्हणाला, "अ‍ॅम्ब्रोज, हा आपलाच का रे?" मी म्हटलं, "दुसरा कुणी चांगला असता तर माझ्या ताईनं त्याच्याशीच लग्न केलं नसतं का?" बाकावरची चारही माणसं हसली. कुणीतरी म्हणालं, "कुऱ्हाडीचा दांडा गोताला काळ, पण दांडा मानाचा निघाला."

बाकावर शाळेतले नवे मास्तर होते, आयोवाहून आलेले. त्यांना काहीच माहीत नव्हतं. असा माणूस मला वर्षातून एखादाच मिळतो, तेव्हा वेंडेलची अर्धी दाढी तशीच ठेवून मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. एकोणीसशे एकोणपन्नासचा ऑगस्ट, जिल्ह्याचा अंतिम सामना, आपल्या मैदानावर दोन हजार माणसं. ब्रेनर्ट गावाच्या चार धावा, आपल्या तीन. शेवटचा डाव, दोन गडी बाद, मी दुसऱ्या बेसवर. आपल्या माणसानं उजवीकडे चेंडू मारला आणि मी जो सुटलो तो तिसरा बेस ओलांडून थेट होम प्लेटकडे. त्या पाटीला माझा पाय लागला की बरोबरी. तिकडून चेंडू आला कॅचरच्या हातात, मी धुळीत घसरत गेलो, त्यानं चेंडू धरलेला हातमोजा माझ्यावर टेकवला. पाय आधी तर सेफ, हातमोजा आधी तर आउट, एवढाच प्रश्न. आणि पाटीमागे उभा असलेला अंपायर, ज्याचं दोन महिन्यांनी माझ्या सख्ख्या बहिणीशी लग्न होणार होतं, त्यानं मूठ वर केली. आउट. सामना गेला, चषक गेला, आणि त्यानंतर हॉलबर्गनं चषक पाहिलेला नाही.

मास्तर म्हणाले, "पण तुम्ही खरंच आउट होतात का?" असा प्रश्न आमच्याकडे कुणी विचारत नाही. वेंडेल अर्ध्या दाढीनिशी उठून बसला आणि म्हणाला, "मास्तर, तुम्ही नवे आहात."

आता कामाचं. मंडळ म्हणतं, मानपत्र कुठल्या मैदानावर घ्यायचं ते मानकऱ्यानं सांगावं. वेंडेलच्या समितीनं एकमतानं ठरवलंय की ते तुम्ही हॉलबर्गला घ्यावं, ऑगस्टच्या पहिल्या रविवारी. तुम्हाला आमची रीत ठाऊकच आहे. त्या रविवारी सातव्या डावात सगळं गाव उठून उभं राहतं, नैर्ऋत्येला तोंड करतं, कारण तुमचं मार्लिन फॉल्स तिकडे एकशेचाळीस मैलांवर आहे, आणि तुमच्या नावानं हुर्यो करतं. एवढी वर्षं आम्ही धान्याच्या कोठाराकडे बघून ओरडतोय, दाजी. एकदा तरी खरा माणूस समोर असावा अशी लोकांची फार इच्छा आहे.

ताईला सांगा, माझं वजन वाढलेलं नाही. माझी बायको लोरेटा तिला काहीही लिहो.

तुमचा,
अ‍ॅम्ब्रोज


मार्लिन फॉल्स
२० मे १९७५

प्रिय अ‍ॅम्ब्रोज,

पत्र मिळालं. इथे पाऊस बरा झाला. कोबीची रोपं लावली. मटार वर आला आहे, सशांनाही ते कळलं आहे.

मंडळाचा मान मी घेणार नाही. त्यांना १५ जुलैच्या आत उत्तर हवं आहे. नकाराचं पत्र लिहून ठेवलं आहे, टपालात टाकायचं राहिलं. वेंडेलला आणि समितीला माझे आभार सांग. त्यांनी वाईट वाटून घेऊ नये.

कारण विचारू नकोस.

तुझ्या ताईची तब्येत उत्तम. ती माझ्याशी बोलत नाही, एवढंच.

ऑर्विल


हॉलबर्ग
२७ मे १९७५

प्रिय दाजी,

कारण विचारू नकोस म्हणालात, म्हणून विचारत नाही. मला ते माहीत आहे. तुम्ही भ्यालात.

एकतीस वर्षं अंपायर होतात. तुमच्यावर लोकांनी काकड्या फेकल्यात, उशा फेकल्यात, एल्क प्रेरीला एका बाईनं जिवंत कोंबडी फेकली. त्या कोंबडीला तुम्ही मैदानाबाहेर काढलंत आणि बाईला बसू दिलंत, ही गोष्ट मी स्वतः शंभर जणांना सांगितली आहे. आणि आता बासष्टाव्या वर्षी नऊशे वस्तीच्या गावाच्या हुर्योला घाबरता?

अहो, ती हुर्यो आता हुर्यो राहिलेली नाही. मोठ्या मिसेस वेन्झेल चौऱ्याऐंशीच्या आहेत. डॉक्टरांनी त्यांना जिने चढायला बंदी केली आहे, तर गेल्या वर्षी त्या मुलाला म्हणाल्या, "मला उचलून वर ने, ऑर्विलला शिव्या दिल्याशिवाय माझा उन्हाळा सरत नाही." पोरं पाळण्यात असल्यापासून शिकतात. पाद्रीबाबासुद्धा उभे राहतात; तोंड उघडत नाहीत, पण उभे राहतात. तुमच्यामुळे या गावात लुथरन आणि कॅथलिक वर्षातून एकदा एका सुरात ओरडतात, हे दुसऱ्या कुणाला जमलेलं नाही.

बायकांनी जेवणाचं ठरवूनही टाकलंय. बटाट्याचं सॅलड तिघी करणार आहेत, म्हणजे भांडण नक्की. रूबार्बच्या आंबटगोड सारणाचे, भट्टीत भाजलेले पाय चाळीस. लोरेटा म्हणते, तुम्ही नाही आलात तर ते चाळीसच्या चाळीस मी खाईन. तेव्हा ताईकडे बघून नाही तर माझ्या पोटाकडे बघून तरी या.

ताईचा परवा फोन आला होता. म्हणाली, तुम्ही कोबीच्या रोपांशी बोलता आणि तिच्याशी मात्र हं-हं करता. काय बोलता त्या रोपांशी?

तुमचा,
अ‍ॅम्ब्रोज


मार्लिन फॉल्स
५ जून १९७५

प्रिय अ‍ॅम्ब्रोज,

तू हुर्योचं लिहिलंस ते वाचून मला हसू आलं, आणि मग बराच वेळ बरं वाटलं नाही. हुर्योला मी भीत नाही. ती मला मिळायलाच हवी होती. ती माझ्या हक्काची होती असं मी सव्वीस वर्षं समजत आलो आहे, आणि ते कुणाला सांगितलेलं नाही. सेलेस्टीनला, तुझ्या ताईलाही नाही. आता तुला सांगतो, कारण तुझाच तो हक्क आहे.

मला दिसलं नाही.

त्या दिवशी नेहमीचा अंपायर गालफुगीनं पडला म्हणून मला बोलावलं, हे तुला माहीत आहे. ब्रेनर्टचा कप्तान सामन्याआधी माझ्याजवळ येऊन म्हणाला, "सासुरवाडीचा अंपायर." मी सगळ्यांसमोर म्हणालो, "पाटीला नातेवाईक नसतात." मोठ्या तोऱ्यात म्हणालो. अंपायरनं खेळाडूच्या घरी त्या दिवशी जेवायचं नाही, म्हणून तुझ्या आईनं डुकराचं भाजलेलं मांस केलं असताना मी तुमच्या अंगणासमोर गाडीत बसून घरून आणलेलं चीज-सँडविच खाल्लं. तुझी ताई खिडकीतून बघत होती. असा मी त्या दिवशी होतो.

मग तो चेंडू आला. तू आलास. धूळ उठली. मी वाकलो होतो, जागा बरोबर धरली होती, डोळे उघडे होते. आणि मला पाटी दिसली नाही, हातमोजा दिसला नाही, तुझा पाय दिसला नाही. दोन हजार माणसं श्वास रोखून माझ्या हाताकडे बघत होती. माझी मूठ वर गेली.

ती का वर गेली हे मी स्वतःला कितीदा विचारलं असेल. उत्तर एकच येतं. सेफ दिलं असतं तर लोक म्हणाले असते, होणाऱ्या मेव्हण्याला दिलं. त्या भीतीनं मी आउट दिलं. डोळ्यांनी चुकलेले निकाल माझ्या हातून पुष्कळ झाले असतील. त्याचं मला काही नाही. डोळा माणसाचाच असतो. पण हा एक निकाल मी डोळ्यांनी दिलाच नाही. मी माझं नाव राखायला तुझी धाव घेतली.

असा माणूस मानपत्र कसा घेईल? मंडळ लिहितं, 'एकतीस वर्षांच्या निर्भय सेवेबद्दल.' निर्भय हा शब्द त्यांनी घातला नसता तर कदाचित मी गप्प बसून घेऊनही टाकलं असतं.

मी ऑगस्टमध्ये येतो. मानासाठी नाही. सातव्या डावात मला दोन मिनिटं दे, म्हणजे मी उभं राहून सांगेन की अ‍ॅम्ब्रोज क्रेमर सेफ होता. एवढं केलं की माझं काम झालं. उशीर झाला याची मला लाज वाटते. मला माफ कर.

ऑर्विल


मार्लिन फॉल्स
१८ जून १९७५

अ‍ॅम्बी,

तुझ्या दाजींनी तुला पाच तारखेला पत्र टाकलं. आज अठरा. हा माणूस दिवसातून तीनदा पत्रपेटीपाशी जातो, आणि टपाल इथे एकदाच येतं हे त्याला रेल्वे टपालात जन्म काढूनही आठवत नाही. काल त्यानं मला विचारलं, "अ‍ॅम्ब्रोज रागावला असेल का?" मी म्हटलं, "कशाबद्दल?" तर उठून सशांना हाकलायला गेला. बागेत ससा नव्हता.

त्या पत्रात काय होतं ते मला ठाऊक नाही, आणि मी कुणाची पत्रं उघडत नाही. पण तू मला ठाऊक आहेस. तू सहा वर्षांचा असताना तळघरातला प्लमचा मुरांबा संपला होता. सगळी पोरं ओरडत होती, मी नाही, मी नाही. तू एकटा गप्प होतास. गप्प राहणारा अ‍ॅम्बी मला चांगला कळतो. तू रागावला असतास तर तीन पानं आली असती. चोराच्या मनात चांदणं आहे तुझ्या.

काय असेल ते त्याला लिही. मंडळाला पंधरा जुलैच्या आत उत्तर द्यायचं आहे. नकाराचं पाकीट तिकीट लावून टेबलावर पडलंय आणि मी ते रोज पुसते. या माणसानं आयुष्यात कधी कुणाकडे काही मागितलं नाही. आता न मागता मिळतंय, ते त्यानं हसतमुखानं घ्यावं एवढीच माझी इच्छा आहे. ती पुरी झाली नाही तर मी तुला धरीन, त्याला नाही.

तुझी,
ताई

ता.क. लोरेटानं तुझं वजन कळवलं.


हॉलबर्ग
२२ जून १९७५

प्रिय दाजी,

हे सातवं पत्र. आधीची सहा चुलीत गेली. लोरेटा विचारत होती, उन्हाळ्यात चूल कशाला पेटवतोस.

मी आउट होतो.

लिहिलं एकदाचं. पुन्हा लिहितो म्हणजे हाताला सवय होईल. मी आउट होतो, दाजी. माझा पाय पाटीपासून वीतभर लांब होता तेव्हा कॅचरचा हातमोजा माझ्या डाव्या गुडघ्याला लागला. हलकासा लागला, मांजर घासून जावं तसा. पण लागला. तुम्हाला धुळीत दिसलं नाही, कुणालाच दिसलं नसेल. मला दिसायची गरज नव्हती, गुडघा माझा होता.

मग मी ओरडलो का? कारण सगळे ओरडले. तुमची मूठ वर गेली आणि बाबा कठडा ओलांडून मैदानात आले. बाबा, ज्यांनी आयुष्यात कुणाला मोठ्यानं हाक मारली नव्हती. ते तुमच्या तोंडाजवळ तोंड नेऊन म्हणाले, "माझा मुलगा सेफ होता." आता बाप असं म्हणतोय आणि मुलगा म्हणणार, नाही बाबा, हातमोजा लागला? मी चोवीस वर्षांचा होतो. मी टोपी जमिनीवर आपटली. लोकांना ती टोपी इतकी आवडली की मग मला थांबता आलं नाही.

त्या संध्याकाळी लोरेटा लिंबाचं सरबत घेऊन आली. तोवर ती माझ्याकडे बघतही नव्हती. म्हणाली, "फार अन्याय झाला तुमच्यावर." माझं लग्न या आउटवर उभं आहे, दाजी. दुकानही त्याच्यावरच चाललं. ब्रेनर्टची माणसं सोडून तीन परगण्यांतून लोक केस कापायला येत, नुसतं ते ऐकायला. माझ्यासारखा बरा न्हावी प्रत्येक गावात असतो, पण अन्याय झालेला न्हावी एकच होता. दरवर्षी मी ती गोष्ट सांगत गेलो, आणि दरवर्षी माझा पाय पाटीच्या थोडा जवळ जात गेला. आता तर तो पाटीवर चांगला दोन सेकंद असतो.

मला वाटायचं, यात कुणाचं काय बिघडलं? दाजी तर हसतात. नाताळात मी तुमच्यासमोर ही गोष्ट सांगायचो आणि तुम्ही ताटाकडे बघून हसायचात. तुम्ही तेव्हा आतून काय गिळत होतात ते मला कळलं नाही. पाच तारखेचं पत्र वाचलं आणि मी दुकान दुपारीच बंद केलं. मला माझी फार लाज वाटली.

माफी तुम्ही नाही, मी मागायची. आता ते नकाराचं पाकीट फाडा आणि मान घ्या.

तुमचा,
अ‍ॅम्ब्रोज


मार्लिन फॉल्स
२८ जून १९७५

प्रिय अ‍ॅम्ब्रोज,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू फार चांगला माणूस आहेस. ताईला मी हे सांगितलं तर तिनं माझं कपाळ गरम आहे का पाहिलं.

पण मला पटत नाही. एकतीस वर्षांत, सात-आठशे सामन्यांत, एकही खेळाडू माझ्याकडे येऊन 'मी आउट होतो' असं म्हणालेला नाही. चेंडू पँटीच्या खिशात सापडलेला खेळाडूही म्हणाला नाही. तू म्हणतोयस ते माझ्यासाठी. म्हाताऱ्याला मान मिळावा, ताईला बरं वाटावं, म्हणून तू तुझं सव्वीस वर्षांचं नाव पाण्यात घालायला निघालास. गुडघ्याला मांजर घासल्यासारखं, हे तर तू खास शोधून काढलं असणार. ते न्हाव्याच्या दुकानातलं वाक्य आहे.

मी तुझ्या जिवावर मान घेणार नाही. एकदा तुझ्याच जिवावर नाव राखलं, तेवढं पुरे.

ऑगस्टमध्ये येतो आणि ठरल्याप्रमाणे बोलतो. नकाराचं पत्र सोमवारी टाकीन.

ऑर्विल


हॉलबर्ग
१ जुलै १९७५

दाजी,

माणूस पन्नास वर्षांत एकदा खरं बोलतो आणि तुम्ही त्यालाही आउट देता.

आता मी चिडलोय, तेव्हा नीट वाचा. मी चांगला माणूस नाही. तुमच्या बायकोला विचारा, लोरेटाला विचारा. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी माझं दुकान, माझी हुर्यो आणि मिसेस वेन्झेलचा उन्हाळा घालवीन, असं तुम्हाला वाटलंच कसं? मी लिहितोय ते नाइलाजानं.

पुरावा मागता? माझ्याकडे फोटो नाही. साक्षीदार नाही. काय झालं ते मला जसं आठवतं तसं सांगतो, गोष्टीत सांगतो तसं नाही. हातमोजा लागला. मी मनात म्हटलं, संपलं. तोंडात धूळ होती ती थुंकलो. उठलो, आणि आपल्या बाकाकडे चालायला लागलो. दोन पावलं गेलो असेन. डोळ्यात पाणी आलं होतं म्हणून मान खाली होती. मग मागून तुमचा आवाज आला, आउट, आणि त्यावर सगळा गलका, आणि बाबांचा आवाज. तेव्हा मी वळलो. वळून तुमच्याकडे धावत आलो आणि टोपी आपटली. धावत आलो, दाजी, कारण मी निघून चाललो होतो. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, कारण हे सांगितलं तर गोष्टच उरत नाही.

यावर तुमचं काय म्हणणं असेल ते कळवा. आणि ते पाकीट सोमवारी टाकलं असेल तर टपाल कचेरीत जाऊन परत मागा. तुम्हाला तिथे सगळे ओळखतात.

अ‍ॅम्ब्रोज


मार्लिन फॉल्स
५ जुलै १९७५

प्रिय अ‍ॅम्ब्रोज,

पाकीट टाकलं नव्हतं. सोमवारी मी घराबाहेर पडलो तेव्हा सेलेस्टीन त्याच्यावर बसली होती आणि मला माहीत नव्हतं.

तुझं पत्र आलं तेव्हा मी बागेत होतो. वाचून तिथेच उलट्या बादलीवर बसलो.

मी तुला लिहिलं की मला पाटी दिसली नाही, हातमोजा दिसला नाही, पाय दिसला नाही. ते खरं आहे. पण मला काय दिसलं होतं, हे मी स्वतःला कधी विचारलंच नाही. तो क्षण आठवला की सव्वीस वर्षं माझ्या डोळ्यापुढे एकच येतं, धुळीतला सात नंबर. तुझ्या सदऱ्यावरचा सात. स्वप्नातही तोच. मला वाटायचं, पाप आहे म्हणून दिसतो.

सात तुझ्या पाठीवर होता, अ‍ॅम्ब्रोज. पोटावर गावाचं नाव होतं.

सेफ असलेला खेळाडू अंपायरला पाठ दाखवत नाही. तो धुळीत पडल्या पडल्या आधी वर बघतो, माझ्या हाताकडे. प्रत्येक जण बघतो. शंका असली तरी बघतो. पाठ फिरवून चालायला लागतो तो एकच, ज्याला उत्तर ठाऊक आहे. हे मी नव्या अंपायरांना शिकवायचो. शाळेत फळ्यावर लिहून द्यावं तसं शिकवायचो, आणि ते मला माझ्याच बाबतीत सुचलं नाही. माझी मूठ भीतीनं वर गेली नव्हती. मी तुझी पाठ पाहिली होती.

सेलेस्टीन बाहेर आली आणि म्हणाली, "रडताय का?" मी म्हटलं, "हो." म्हणाली, "बरं, मग जेवायला चला." जेवताना तिला सगळं सांगितलं. ती तुझ्यावर फार चिडली आहे आणि अधूनमधून एकटीच हसते आहे.

मंडळाला आज होकार पाठवला. मैदान हॉलबर्ग. वेंडेलला कळव. आणि एक, तू कुणाला काही सांगू नकोस. माझं काम झालं. तुझी गोष्ट तुझ्याकडे राहू दे, ती चांगली गोष्ट आहे.

ऑर्विल


हॉलबर्ग
५ ऑगस्ट १९७५

प्रिय दाजी,

तुम्ही सांगू नकोस म्हणालात आणि मी सांगितलं. माइक हातात आला की माझं काही चालत नाही. पण लोरेटाला मी आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं, तेवढी अक्कल मला आहे. ती म्हणाली, "मला पहिल्यापासून माहीत होतं. तू त्या संध्याकाळी सरबत पिताना लंगडत होतास, आणि दर दहा मिनिटांनी दुसऱ्या पायानं." मग सरबत का आणलंस, विचारलं, तर म्हणाली, "तू रडलेला होतास. ते खरं होतं."

तुम्ही मंचावर होतात आणि टाळ्या संपायच्या आत ताईनं तुम्हाला गाडीत घातलं, म्हणून खाली काय चाललं होतं ते तुम्हाला कळलं नाही. मी म्हणालो, "मंडळी, सव्वीस वर्षं मी तुमच्याशी खोटं बोललो. दाजी बरोबर होते. मी आउट होतो." मला वाटलं, आता काकड्या येणार. तेवढ्यात मिसेस वेन्झेल मुलाच्या हातावरूनच म्हणाल्या, "किती गुणाचा मुलगा आहे." आणि रुमाल काढला. मग चारशे रुमाल निघाले.

कुणाचाही विश्वास बसला नाही, दाजी. एकाचाही नाही. वेंडेल माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "अ‍ॅम्ब्रोज, बहिणीच्या नवऱ्यासाठी माणूस इतकं करतो, हे मी माझ्या पोरांना सांगीन." मी म्हटलं, "अरे, मी खरं सांगतोय." तो म्हणाला, "तेच तर."

ब्रेनर्टचा जुना कॅचर रूडी लाम्ब्रेख्ट आला होता, हे तुम्ही पाहिलंत. मला वाटलं, हा तरी. सगळ्यांसमोर त्याला म्हटलं, "रूडी, तुझा हातमोजा माझ्या गुडघ्याला आधी लागला, सांग यांना." रूडी लाजला. म्हणाला, "मला काय माहीत? तू अंगावर येत होतास. मी डोळे मिटले होते." त्यावर जो हशा झाला तो तुमच्या गाडीपर्यंत आला असेल.

म्हणजे आता असं आहे. अंपायरला दिसलं नाही, कॅचरनं डोळे मिटले होते, आणि मला ठाऊक आहे तर माझं कुणी ऐकत नाही. सोमवारी दुकानात बसायला जागा नव्हती. नवे मास्तर म्हणाले, "तुम्ही आउट होतात असं तुम्ही म्हणालात, तरी मला वाटतं तुम्ही सेफ होतात." आयोवाचा माणूस, पण गावात मुरला.

मला मात्र एक गोष्ट हवी आहे. तुम्हाला तिकडे वर उभं असताना काय वाटत होतं? मानपत्र वाचलं, 'निर्भय' म्हणाले, आणि मग वेंडेलनं शिट्टी वाजवली आणि सगळं गाव पहिल्यांदाच नैर्ऋत्येला न वळता सरळ तुमच्याकडे तोंड करून उठलं. मी पाहिलं, तुमचे ओठ हलले. काय म्हणालात?

तुमचा,
अ‍ॅम्ब्रोज


मार्लिन फॉल्स
९ ऑगस्ट १९७५

प्रिय अ‍ॅम्ब्रोज,

उरलेले रूबार्बचे पाय पोचले. बाराच होते. बाकीचे कुठे गेले ते विचारत नाही.

मी तिथे काय म्हणालो ते तुला सांगतो, पण दुकानात सांगू नकोस. म्हणजे सांगशीलच.

अंपायर झालो तेव्हा मला एका म्हाताऱ्या अंपायरनं सांगितलं होतं की लोकांकडे कान द्यायचा नाही. मी दिला नाही. निकाल द्यायचा, मान खाली घालायची, खिशातला ब्रश काढून पाटी झाडायची आणि पुढचा चेंडू मागायचा. पाटी स्वच्छ असली तरी झाडायची. एकोणपन्नासनंतर मी पाटी फार झाडायला लागलो. लोकांना वाटे, टोर्सन किती टापटिपीचा आहे.

रविवारी ते सगळे उठले. नऊशे वस्तीचं गाव म्हणतोस, मला तर दीड हजार दिसले. पाळण्यातली पोरं धरून. मिसेस वेन्झेल मुलाच्या हातावर होत्या आणि सगळ्यात मोठा आवाज त्यांचा होता. पाद्रीबाबांनी या वर्षी तोंड उघडलं. वेंडेल, रूडी लाम्ब्रेख्ट, लोरेटा, तुझ्या दुकानातल्या बाकावरची मंडळी, सगळी माझी हुर्यो करत होती. आणि माझ्या शेजारी सेलेस्टीन, माझी लग्नाची बायको, दोन्ही हात तोंडाला लावून मनापासून हुर्यो करत होती. तिला विचारलं तर म्हणते, माहेर आहे माझं.

आणि मी मान खाली घातली नाही. पाटीकडे बघितलंच नाही. मी प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होतो. इतके आनंदी चेहरे मी कुठल्या मैदानावर पाहिले नव्हते, अ‍ॅम्ब्रोज, आणि एकतीस वर्षं मी ते माझ्या टोपीखालून चुकवत आलो.

मी म्हणालो, "आउट." मग त्यांनी आणखी मोठ्यानं हुर्यो केली, म्हणून मी ते पुन्हा म्हणालो. मला वाटतं मी ते पाच-सहा वेळा म्हणालो. सेलेस्टीन म्हणते, अकरा.

ऑर्विल